नोकरी नवी, बाळ वाटेवर: पितृत्व रजा कुठून काढायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही १ जूनला नव्या कंपनीत रुजू झालात. सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे. बायकोची तारीख १५ ऑक्टोबर, म्हणजे बाळ येईल तेव्हा तुम्हाला तिथे जेमतेम साडेचार महिने झालेले असतील. जुन्या कंपनीत चार आठवड्यांची भरपगारी पॅटर्निटी लीव्ह होती. नव्या कंपनीतही तितकीच आहे, पण पॉलिसीत 'एक वर्ष सलग सेवा' अशी अट आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: रजा मिळेल का, मागितली तर प्रोबेशन बिघडेल का, आणि मुलाखतीतच सांगायला हवं होतं का.

तिसऱ्याचं उत्तर एका ओळीत देते. नाही, तिथे सांगायची गरज नव्हती आणि न सांगण्यात लबाडीही नाही. तो विषय डोक्यातून काढून टाका.

उरलेल्या दोनांसाठी जरा बसावं लागेल. तुम्ही देश लिहिलेला नाही, त्यामुळे निरनिराळ्या देशांचे नियम उदाहरणादाखल घेते. तुमचा देश त्यात निघाला तर उत्तमच, नाहीतर निदान नियम वाचायचा कसा हे तरी कळेल. मी वीस वर्षं रजा आणि पगाराचं काम बघते. या काळात एकच चूक सगळ्यात जास्त पाहिली आहे. 'एक वर्ष' हे शब्द वाचले की माणूस पॉलिसी मिटतो आणि मुकाट्याने चार दिवसांची साधी रजा टाकतो.

'रजा मिळेल का' या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. कामावर न येण्याचा हक्क आहे का? त्या दिवसांचे पैसे कोण देणार? आणि परत आल्यावर खुर्ची जागेवर असेल का? या तिघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. नोकरी बदलली की काही घड्याळं शून्यावर येतात, काहींना मात्र तुम्ही कंपनी बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे वैधानिक पितृत्व रजेसाठी जुनी अट अशी होती की प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीचा पंधरावा आठवडा संपेपर्यंत त्याच मालकाकडे २६ आठवडे सलग काम झालेलं हवं. वाचायला सोपं वाटतं, पण बोटांवर मोजून बघा. ते सव्वीस आणि मधले चौदा मिळून चाळीस आठवडे होतात, आणि गरोदरपणाची गणतीही चाळीस आठवड्यांचीच. म्हणजे दिवस राहायच्या सुमाराला तुम्ही त्या नोकरीत असायलाच हवे होतात. बातमी कळल्यावर नोकरी बदललेला एकही बाप त्यात बसत नव्हता. २०२५ च्या कायद्याने एप्रिल २०२६ पासून रजेपुरती ही अट काढली आहे, त्यामुळे रजेचा हक्क पहिल्या दिवसापासून मिळतो. वैधानिक पितृत्व वेतनाला मात्र सव्वीस आठवड्यांची अट अजून आहेच. म्हणजे तुम्ही तिथे असाल तर दोन आठवडे रजा हक्काची, पण त्या दिवसांचे पैसे कंपनीच्या मर्जीवर. एकाच रजेची दोन घड्याळं म्हणजे काय ते इथे नीट दिसतं.

युरोपीय संघाचा २०१९ चा काम आणि कुटुंब यांच्या संतुलनाविषयीचा निर्देश याच वळणाचा आहे. वडिलांना बाळाच्या जन्माच्या सुमारास कामाचे दहा दिवस रजा, आणि त्यासाठी सेवाकालाची अट घालता येत नाही. पैशासाठी मात्र सदस्य देशांना आधीच्या नोकरीची अट ठेवता येते, तीही जास्तीत जास्त सहा महिन्यांची. तेव्हा तिथे कुणी 'प्रोबेशन आहे, रजा नाही' असं म्हणालं तर आधी आपल्या देशाचा नियम उघडून बघा.

जर्मनीतल्या वाचकांसाठी थोडं थांबते, कारण तिथे दिवस मोजायला लागतात. पालकत्व रजेला किमान सेवाकालाची अट नाही, आणि पालक भत्ता साधारणपणे जन्माआधीच्या बारा महिन्यांच्या उत्पन्नावर ठरतो, मग ते एका मालकाकडचं असो की दोघांकडचं. पण रजा सुरू व्हायच्या किमान सात आठवडे आधी कळवावं लागतं, आणि नोकरीवरून काढण्यापासूनचं संरक्षण रजेच्या फार तर आठ आठवडे आधी सुरू होतं. प्रोबेशनवरच्या माणसाने उत्साहाने तीन महिने आधी पत्र दिलं तर मधल्या काळात त्याला कवच नाही. सात आठवड्यांहून उशीर केला तर रजेची तारीख सरकते. तुमची १५ ऑक्टोबर धरली तर पत्र देण्याचा आठवडा २० ते २७ ऑगस्ट. मॅनेजरला तोंडी सांगायचंही तेव्हाच. असा एकच आठवडा हाती असतो हे कुठल्याही पॉलिसीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

काही देशांत पैशाचं घड्याळ कंपनीकडे नसतंच, ते माणसाबरोबर चालतं. कॅनडात क्युबेक वगळता रोजगार विम्यातून पालकत्व लाभ मिळतो. त्यासाठी मागच्या ५२ आठवड्यांत विम्याखालचे ६०० तास लागतात, आणि ते तास कोणत्या कंपनीत भरले याला महत्त्व नाही. रजेचा हक्क मात्र प्रांताच्या कायद्यातून येतो, उदाहरणार्थ ओंटारिओत १३ आठवड्यांची नोकरी लागते. सिंगापूरमध्ये एप्रिल २०२५ पासून सरकारी खर्चाने चार आठवडे पितृत्व रजा आहे. बाळ तिथलं नागरिक हवं आणि जन्माआधी त्याच मालकाकडे सलग तीन महिने झालेले हवेत. तीन महिने भरत नसतील पण आधीच्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवस नोकरी झाली असेल, तर वेगळा पितृत्व लाभ मिळतो. तो कमी लोकांना माहीत असतो आणि नोकरी बदललेल्यांना नेमका तोच लागतो. ऑस्ट्रेलियात सरकारी पालकत्व वेतनासाठी जन्माआधीच्या १३ महिन्यांपैकी १० महिने काम आणि त्यात ३३० तास लागतात. कामाच्या दोन दिवसांमध्ये बारा आठवड्यांपेक्षा मोठी फट चालत नाही. म्हणून दोन नोकऱ्यांच्या मध्ये लांब सुट्टी घेणाऱ्याने आधी कॅलेंडर बघावं. बिनपगारी रजा आणि नोकरीच्या हमीसाठी मात्र तिथेही त्याच मालकाकडे बारा महिने.

या सगळ्या ठिकाणी जुन्या नोकरीचे कागद म्हणजे पैसा. जुन्या कंपनीचं पोर्टल तुमच्यासाठी बंद होण्याआधी, झालं असेल तर पत्र पाठवून, मागच्या वर्षाच्या सगळ्या पगारपत्रकांच्या प्रती, कार्यमुक्तीचं पत्र आणि कॅनडात असाल तर रोजगाराची नोंद हातात घ्या. बाळ झाल्यावर जुन्या एचआरच्या मागे लागण्याइतका वेळ कुणाला असतो?

आता अमेरिका. इथे वाट सगळ्यात अरुंद आहे आणि तुमच्या पॉलिसीशी तिचं साम्यही सगळ्यात जास्त आहे. १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी, पण नोकरीच्या हमीसह. अटी तीन: त्या मालकाकडे बारा महिने, मागच्या बारा महिन्यांत १,२५० तास प्रत्यक्ष काम, आणि ७५ मैलांच्या परिघात कंपनीचे किमान ५० कर्मचारी. साडेचार महिन्यांत बारा महिन्यांची अट पुरी होणार नाही, म्हणून लोक नाद सोडतात. पण पात्रता बाळाच्या जन्मदिवशी बघत नाहीत, रजा ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी बघतात. आणि बाळासाठीची रजा जन्मापासून एक वर्षात संपवायची असते.

तुमच्या तारखा घालून बघू. १ जूनला रुजू, म्हणजे पुढच्या १ जूनला बारा महिने पूर्ण. तेव्हा बाळ साडेसात महिन्यांचं असेल. वर्षाची खिडकी १५ ऑक्टोबरपर्यंत उघडी आहे. साधारण २२ जुलैच्या आत रजा सुरू केली तर बाराच्या बारा आठवडे बसतात. आईची रजा संपून ती कामावर परत जाते तो काळही घरात बहुतेक तेव्हाच, किंवा थोडा आधी येतो. साडेसात महिन्यांचं मूल रांगायला लागतं आणि एका जागी ठरत नाही. पहिल्या आठवड्यातल्या बापापेक्षा तेव्हाच्या बापाची रजा कमी कामाची असते असं मला तरी वाटत नाही.

दोन पुरवण्या. त्याच कंपनीत पूर्वी काम केलं असेल आणि मधला खंड सात वर्षांच्या आत असेल, तर तो जुना काळ बारा महिन्यांत धरतात. आणि तुम्ही कंपनी बदललेली नसून तुमची कंपनीच दुसऱ्या कुणी घेतली असेल, तर बऱ्याचदा घड्याळ शून्यावर येत नाही, हेही विचारून घ्या. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पैशाचं घड्याळ पुन्हा वेगळं आहे. तिथला सवेतन कौटुंबिक रजा लाभ पगारातून कापलेल्या वर्गणीतून मिळतो आणि दाव्याच्या साधारण ५ ते १८ महिने आधीच्या कमाईवर मोजतात. म्हणजे जुन्या नोकरीची कमाई कामी येते, पण त्या लाभाबरोबर नोकरीची हमी येत नाही.

भारतात खासगी क्षेत्रातल्या वडिलांसाठी पितृत्व रजेचा केंद्रीय कायदा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९७२ च्या रजा नियमांतल्या ४३-अ प्रमाणे १५ दिवस मिळतात. दोनपेक्षा कमी हयात अपत्यं हवीत, रजा प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, आणि नाही घेतली तर ती गेली. त्या नियमात शिकाऊ कर्मचारीही येतात, तिथे 'नवीन आहे' हे कारण चालत नाही. खासगी नोकरीत जे आहे ते कंपनीच्या पॉलिसीत. ही वाईट बातमी आहे तशी चांगलीही आहे, कारण जी अट कंपनीने स्वतः लिहिली ती कंपनीला स्वतःच शिथिल करता येते.

म्हणून देश कोणताही असो, तुमच्या पॉलिसीचं ते एक वाक्य पुन्हा वाचा. एक वर्ष पूर्ण हवं, पण कोणत्या तारखेला? बाळाच्या जन्मतारखेला, की रजा सुरू होईल त्या तारखेला? आणि जन्मानंतर किती महिन्यांच्या आत रजा घ्यायची मुभा आहे? अट रजेच्या तारखेला लावत असतील आणि मुदत बारा महिन्यांची असेल, तर तुम्हाला अपवाद मागायचीच गरज नाही, फक्त पुढचा जून गाठायचा आहे. वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल (येतंच, अशी वाक्यं आम्हीच लिहितो) तर तोंडी विचारू नका. मेल करा आणि उत्तरही मेलवर घ्या.

जन्मतारखेलाच अट लावत असतील तर अपवाद मागायचा, आणि तो बाळ यायच्या आधी मागायचा. हे मी एका अनुभवामुळे ठासून सांगते. मी तेव्हा जिथे होते तिथे नव्वद दिवसांची अट होती. एका मुलाने दोन नोकऱ्यांच्या मध्ये नऊ दिवसांची सुट्टी घेऊन रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली होती. तरी हिशेब जमत होता, पण बाळ लवकर आलं आणि त्याचे एक्याऐंशी दिवस भरले. सिस्टीमने अर्ज लाल केला आणि नाकारण्याचं बटण मी दाबलं. घटना घडून गेल्यावरचा अपवाद कुणी मंजूर करेना. त्याने दहा दिवस बिनपगारी काढले. तिथल्या नियमाप्रमाणे प्रोबेशन तेवढे दिवस लांबलं, कन्फर्मेशनची तारीख वार्षिक वेतनवाढीच्या कटऑफच्या पलीकडे गेली आणि त्याची त्या वर्षाची वाढ हुकली. दहा दिवसांच्या पगारापेक्षा ते नुकसान कितीतरी मोठं होतं. त्याने तीन आठवडे आधी एक मेल टाकला असता तर मीच तो वर घेऊन गेले असते.

एचआरच्या टेबलावर अपवादाचा अर्ज आला की 'याला द्यावं का' हा प्रश्न नंतर येतो. पहिला प्रश्न असतो, 'उद्या सगळ्यांनी मागितलं तर?' तेव्हा सही करणाऱ्याला ती भीती वाटू नये अशी मागणी लिहा. अटीत बसत नाही हे आपणच मान्य करा, मागणी पॉलिसीपेक्षा कमी ठेवा, आणि एकाऐवजी दोन पर्याय द्या. दोन पर्याय समोर असले की माणूस 'हो की नाही' सोडून 'हा की तो' असा विचार करू लागतो. मजकूर साधारण असा ठेवा:

'माझ्या पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ ऑक्टोबर आहे. पितृत्व रजेसाठीच्या एक वर्षाच्या अटीत मी तेव्हा बसत नाही, याची मला कल्पना आहे. तरी पुढीलपैकी एका व्यवस्थेस मंजुरी मिळावी ही विनंती. पर्याय एक: अपवाद म्हणून दोन आठवडे भरपगारी पितृत्व रजा. पर्याय दोन: प्रसूतीच्या दिवसापासून एक आठवडा आगाऊ अर्जित रजा, त्यानंतर तीन आठवडे घरून काम, आणि पॉलिसीतील चार आठवड्यांची रजा १ जूननंतर, बाळाला वर्ष पूर्ण होण्याआधी घेण्याची परवानगी. माझ्या कामाची व्यवस्था कशी असेल ते सोबत जोडले आहे. ३१ ऑगस्टपर्यंत कळल्यास सोयीचे होईल.'

यातला दुसरा पर्याय कंपनीला आज जवळजवळ फुकट पडतो, म्हणून तोच जास्त वेळा मंजूर होताना पाहिला आहे. आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठीही तोच बरा.

हा मेल आकाशातून पडू देऊ नका. मॅनेजरशी आधी समोरासमोर बोला आणि त्याच दिवशी मेल पाठवा. मॅनेजरला एचआरकडून पहिल्यांदा कळलं तर चांगला माणूसही बिथरतो. आणि तोंडी 'अरे घे की, कोण विचारतंय' याच्यावर विसंबू नका. दोन महिन्यांनी तो मॅनेजर त्या जागी असेलच असं नाही.

काहीच मंजूर झालं नाही तर तुकडे जोडायचे. साठलेली अर्जित रजा, सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली रजा, अर्धे दिवस, घरून काम. आगाऊ रजा देत असतील तर घ्या, पण वर्ष व्हायच्या आत नोकरी सोडली तर शेवटच्या हिशेबात ते पैसे कापले जातात हे ध्यानात ठेवा. बिनपगारी रजा सगळ्यात शेवटी. ती घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: प्रोबेशन किती लांबेल, विम्याचा हप्ता त्या काळात कोण भरेल, आणि वेतनवाढीची तारीख हलेल का.

प्रोबेशनचं काय होईल याचं उत्तर कायदा कुठे, किती संरक्षण देतो यावर आहे. युरोपीय निर्देशात अशी रजा मागितली किंवा घेतली म्हणून नोकरीवरून काढायला बंदी आहे. अमेरिकेत अजून पात्र न झालेल्या माणसाला हे कवच सहज मिळत नाही. पात्र झाल्यानंतरच्या रजेसाठी आधीच केलेल्या अर्जाला मात्र तिथल्या एका अपील न्यायालयाने २०१२ मध्ये संरक्षण दिलं आहे. जिथे कायदाच नाही तिथे तुमचा कागद हाच आधार. माझ्या अनुभवात प्रोबेशनवरचा माणूस रजा मागितली म्हणून क्वचितच जातो. तो अडचणीत येतो ते न सांगता गायब झाल्याने, काम अर्धवट लटकल्याने. तेव्हा मेलसोबत जोडायची ती कामाची व्यवस्था मन लावून लिहा. एक पान पुरे: कोणतं काम कुठपर्यंत आलंय, कोण बघेल, कोणता पासवर्ड कुणाकडे, आणि बाळ दोन आठवडे आधी आलं तर काय.

जे अजून राजीनामा द्यायचे आहेत आणि हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी इतकंच की तुमचा हात आज जितका वर आहे तितका सही केल्यावर राहणार नाही. पगाराची घासाघीस करताना 'पितृत्व रजेस सेवाकालाची अट लागू नाही' एवढं एक वाक्य ऑफर लेटरमध्ये मागा. जुन्या कंपनीची रजा घेऊन मग सोडायचा बेत असेल तर नोटीस पीरियडमध्ये ती चालते का आणि परतफेडीचं कलम आहे का, हे दोन्ही तपासा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती म्हणजे विमा. नव्या कंपनीच्या गट विम्यात प्रसूतीचा खर्च पहिल्या दिवसापासून आहे की प्रतीक्षा काळ आहे, हे याच आठवड्यात विचारा. बाळाचं नाव घालायची मुदतही विचारा. अमेरिकेत कंपनीच्या योजनेत त्यासाठी किमान ३० दिवस मिळतात आणि संरक्षण जन्माच्या दिवसापासून धरलं जातं, पण मुदत चुकली तर बहुधा पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. जन्माचा दाखला हातात यायला वेळ लागतो. तोवर दवाखान्याचं पत्र चालेल का, आणि ते कोणत्या मेलवर पाठवायचं, हे आत्ताच लिहून फोनमध्ये ठेवा.